मागच्या ओट्यावरून काय दिसतं

हिराजीशेठ,

तुमच्या तेराव्याच्या पंगतीत माझ्या शेजारी तुमचे एक वृद्ध नातेवाईक बसले होते. भात कालवता कालवता त्यांनी विचारलं, "तुमी शेठचे कोन?"

मी म्हटलं, "व्याही."

त्यांनी मला नीट निरखून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजे तो चेंडूवाला व्याही तुमीच!"

समोरच्या ओळीतली दोघं-तिघं हसली आणि आज हसायचा दिवस नाही हे आठवून खाली बघून जेवू लागली. तुम्ही असतात तर सगळ्यांत मोठ्याने हसला असतात. मी तेलकंपनीत उभी हयात नोकरी केली, फोरमन म्हणून निवृत्त झालो, मुलीचं लग्न तुमच्या घरात लावून दिलं. पण भिवंडीजवळच्या तुमच्या पूर्णा गावात माझी ओळख ती एवढीच. आणि खरं सांगू? मला ती आवडली. त्या ओळखीत आपण दोघंही आहोत.

जेवण झाल्यावर मी मागच्या दाराने माळावर गेलो. गवत कमरेच्या वर आलंय. आपली खेळायची एकही जागा दिसत नाही. तिथे उभा राहिलो आणि दुःख करायचं सोडून तुमच्याशी जुना वाद घालायला लागलो. तुम्ही गेल्यापासून हे रोज चाललंय. उत्तर यायची सोय राहिली नाही, म्हणून शेवटी लिहायला बसलो.

पहिली भेट आठवते का? म्हणजे लग्नाची नव्हे. तिथे आपण दोघंही फेट्याखाली घामाघूम होऊन एकमेकांना नमस्कारच घालत होतो. दिवाळीनंतर मी माझ्या सुनंदाला भेटायला तुमच्या घरी आलो, त्या दिवसाची गोष्ट. सकाळी मुंबईला क्लबात खेळून तसाच एसटीत बसलो होतो, खांद्यावर गोल्फच्या काठ्यांची पिशवी. आमचे एक साहेब विलायतेला परत जाताना ती मला देऊन गेले होते. तुम्ही ओटीवरून उतरलात, पिशवीकडे पाहिलंत आणि विचारलंत, "एवढ्या छत्र्या कशाला आनल्या, व्याहीबुवा?"

मी समजावून सांगितलं. लांबवर एक खळगा असतो, तिथपर्यंत चेंडू कमीत कमी फटक्यांत न्यायचा. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "दाखवा." माळावरचं गवत नुकतंच कापून मुंबईच्या तबेल्यांना रवाना झालं होतं. मागे उरलेला माळ न्हाव्याने नुकतीच डोई करावी तसा होता. मी एक चेंडू मारला. मग तुम्ही धोतराचा सोगा खोचलात, काठी विळ्यासारखी धरलीत आणि असा फटका दिलात की चेंडू ओहोळापलीकडे जाऊन पडला. असला फटका आयुष्यात पहिल्यांदा मारणाऱ्याच्या हातून एकदाच निघतो आणि तो माणूस कायमचा अडकतो. तुम्हीही अडकलात.

पुढच्या खेपेला आलो तर तुम्ही सगळी मांडणी करून ठेवलेली. सहा खळगे, त्यांना तुमच्याकडचा शब्द दिलेला, गल. गलाभोवतीची जमीन खळ्यासारखी चोपून, शेणाने सारवून गुळगुळीत केलेली. प्रत्येक गलात एक बांबू आणि त्याला तुमच्या नारपोलीच्या कारखान्यातल्या लूमवरच्या कापडाचा तुकडा. आणि पहिला फटका जिथून मारायचा, तिथे मुरमाचे ठेंगणे ओटे. क्लबात त्या जागेला टी म्हणतात. तुमचा ओटा मला त्याहून बरा वाटला. मी सांगितलं होतं म्हणून तुम्ही प्रत्येक गलासाठी तीन ओटे घातले होते, मागचा, मधला आणि पुढचा.

"तीन कशाला, ते मात्र नीट सांगा," तुम्ही म्हणालात.

मी म्हटलं, "ज्याच्या हातात जोर आहे तो मागून मारतो. ज्याचा चेंडू कमी जातो तो पुढून. म्हणजे दोघांनाही गलापर्यंत सारखेच फटके लागतात, आणि खेळ वेळेत संपतो."

"आन पुढं कोन हुभा ऱ्हातो?"

"वयस्कर माणसं. बायका. नवीन शिकणारे."

तेवढं एक वाक्य मी वेगळं बोललो असतो तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं का, हे कुतूहल मला अजून आहे. तुम्ही मान डोलावलीत, सरळ सगळ्यांत मागच्या ओट्यावर गेलात आणि मलाही तिथेच बोलावलंत. "व्याही हाव आपन. आपला मान हितं."

त्या हिवाळ्यात दर शुक्रवारी आपण खेळलो. शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद, म्हणून तुमचे शेजारचे कारखानदार अन्सारी सायकलवरून यायचे. तिघांचा खेळ, पण त्याला तिघांच्या सभ्यतेने अगदी जेरीस आणलं होतं. गोल्फमध्ये आधीचा गल जिंकेल त्याने पुढचा फटका आधी मारायचा असा रिवाज आहे. मी जिंकलो तरी आधी मारणार कसा? मी मुलीचा बाप. मी म्हणायचो, "तुम्ही मारा." तुम्ही म्हणायचात, "तुमी पाव्हनं, तुमी मारा." आपण दोघं अन्सारींकडे बघायचो, तर ते छातीवर हात ठेवून म्हणायचे, "नहीं नहीं, पहले आप." बगळे येऊन बसायचे, उडून जायचे, तरी चेंडू ओट्यावरच. त्यात मागच्या ओट्यावरून मारलेला चेंडू कधी ओहोळात, कधी बांधाच्या गवतात. मग तिघंही वाकून शोधतोय. सहा गलांचे दोन फेरे संपेपर्यंत ऊन डोक्यावर यायचं. अन्सारींना घरी जाऊन आंघोळ करून जुम्म्याच्या नमाजाला पोहोचायचं असायचं. ते दुसरा फेरा अर्धा टाकून सायकल पिटाळत जायचे आणि तुम्ही मागून ओरडायचात, "अरे, खेळ तो पूरा करो!"

दुसऱ्या हिवाळ्यात तुमची छाती बोलायला लागली. लूमवरचा कापसाचा बारीक तंतू इतकी वर्षं आत जात होता. डॉक्टरांनी नाव काहीही दिलं तरी तुम्ही त्याला "छातीतला कापूस" म्हणायचात. मागच्या ओट्यावरून तुमचा चेंडू ओहोळाच्या अलीकडेच पडू लागला. मग दुसरा फटका, तिसरा, चौथा, मध्ये धापा टाकत थांबणं. अन्सारी कधीतरी येईनासे झाले. आपण दोघंच उरलो, आणि मला स्पष्ट दिसत होतं की तुम्ही मधल्या ओट्यावर आलात तर पुन्हा हसत खेळाल. पण मी बोलणार कसा?

तुम्हाला ते कळायचं नाही, कारण तुम्ही मुलाचे बाप होतात. माझ्या प्रत्येक शब्दाच्या मागे सुनंदा उभी असायची. आणि सुनंदाचं एक काम तुमच्याकडे अडलेलं होतं. लग्नाआधी तिने शिक्षिकेचा कोर्स केला होता. नारपोलीच्या शाळेत जागा होती, वसंतरावांची म्हणजे तिच्या नवऱ्याची हरकत नव्हती. मी लग्न ठरवतानाच तुम्हाला विचारलं होतं आणि तुम्ही म्हणाला होतात, "बगू." दीड वर्ष ते 'बगू' तसंच होतं. अशा माणसाला मी कुठल्या तोंडाने सांगू की शेठ, तुम्ही थकलात, पुढे या?

म्हणून मी एक युक्ती केली. एका शुक्रवारी खांदा चोळत म्हणालो, "आज माझा हात दुखतोय. मी मधल्या ओट्यावरून मारतो. तुम्हीही या सोबतीला."

तुम्ही काठी जमिनीला टेकवलीत. 

"व्याहीबुवा, खांदा तुमचा दुखतो आन कीव माझी करता?"

 तुम्ही काठी तिथेच टाकलीत आणि घराकडे चालू लागलात. सुनंदा चहाची किटली घेऊन माळावर येत होती. तिच्या बाजूने तुम्ही तसेच निघून गेलात. तिने मला विचारलं, "बाबा, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, ऊन लागलं त्यांना." चहा आम्ही दोघांनी उभ्यानेच घेतला.

परतीच्या एसटीत कशेळीची खाडी ओलांडताना माझ्या मनात एकच होतं, आता याचा त्रास पोरीला होणार. पुढचे दोन शुक्रवार मी आलोच नाही. तुमच्याकडून निरोप नाही, तिच्याकडून पत्र नाही. आमच्या घरात तुमचं नाव निघालं की सगळे विषय बदलायचे.

त्या दिवसांत तुमच्या घरात काय चाललं होतं ते मला नंतर सुनंदाने सांगितलं. तुम्ही तिला काही बोलला नाहीत. रागाने नाही आणि मायेनेही नाही. जेवताना एकदा तिनेच विचारलं, "मामंजी, अन्सारीचाचा हल्ली का येत नाहीत?" तुम्ही म्हणालात, "त्यालाच इचार." ती म्हणाली, "मी सून. मी कशी त्यांच्या कारखान्यात जाऊ? तुम्ही विचारा ना."

आणि तुम्ही खरोखर गेलात! बुधवारचा दिवस, अन्सारींचे सगळे लूम चालू. त्या खडखडाटात शेजारी उभ्या माणसाचंही ऐकू येत नाही. तुम्ही त्यांच्या कानाशी ओरडलात, "खेळायला का न्हाय येत?" त्यांनी आधी टाळलं, तब्येतीचं सांगितलं. तुम्ही पुन्हा ओरडलात. मग तेही ओरडले, "सेठ, आप के साथ खेलता हूँ तो मेरा जुम्मा छूटता है!" नेमका त्याच क्षणी वीज गेली. सगळे लूम थांबले आणि ते वाक्य अख्ख्या शेडमध्ये घुमलं. कामगार माना वळवून बघायला लागले. अन्सारी ओशाळून लाल झाले. हे त्यांनी स्वतः मला सांगितलं तेव्हा हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तुम्ही मात्र तडक बाहेर पडलात म्हणे.

दुसऱ्या दिवशी वसंतराव मुंबईला कामासाठी आले होते ते आमच्या घरी डोकावले. "अप्पांनी बोलावलंय. उद्या या. लवकर या म्हणाले."

मी धास्तावूनच आलो. माळावर पाहतो तर तुम्ही मधल्या ओट्यावर उभे, शेजारी अन्सारी. माझा नमस्कार पुरा व्हायच्या आत तुम्ही बोललात, "अन्सारीला नमाज हाय. लांबनं मारायला आज टाइम न्हाय. आन दुसरं ऐका. जो तयार, त्यानं मारायचा. कोनी कोनासाठी थांबायचा न्हाय. तुमी मुलीकडचे, आमी मुलाकडचे, त्ये घरात. माळावर न्हाय."

एवढं बोलून तुम्ही मारलातसुद्धा.

तो दिवस मी विसरणार नाही. चेंडू ओहोळ ओलांडून गेला, कारण आता त्याला तेवढंच जायचं होतं. दुसऱ्या फटक्याला तो सारवलेल्या खळ्यावर जाऊन थांबला. तुम्ही तिथे पोहोचलात आणि चेंडूकडे असं पाहिलंत, जणू दुसऱ्या कोणाचा आहे. आणखी दोन फटके, आणि चेंडू गलात. क्लबात चांगला खेळणाराही त्या गलाला चारच फटके घेतो. मी तसं सांगितलं. अन्सारींनी तुम्हाला मिठी मारली. तुम्ही मला विचारलंत, "ह्यो धरायचा का?"

"का नाही धरायचा?"

"मधनं मारला ना. अर्धा धरा."

इथून आपला तो वाद सुरू झाला, आणि तो अजून मिटलेला नाही. मी म्हणायचो, जिथून उभं राहून आपल्याला खेळता येतं तीच आपली जागा, तिथून घेतलेले चार ते चारच. तुम्ही म्हणायचात, जागा सोपी केली तर गुण पुरे कसे मागायचे? किती शुक्रवार आपण यावर घालवले! मला अजूनही माझंच खरं वाटतं. पण तुमचं खोटं ठरवायला जावं तर दर वेळी कुठेतरी अडतो. मी क्लबात साहेबांच्या मागे राहून नियम शिकलो. तुम्ही ज्या माळावर गवत कापलं तिथे खेळत होतात. आपल्या दोघांची मोजायची पट्टी एक असेलच कशी?

त्या दिवशी दोन्ही फेरे संपले तेव्हा ऊन अजून कोवळं होतं. अन्सारी सायकलवर टांग टाकून खुशीत निघून गेले. तुम्ही चकित होऊन विचारलंत, "खेळ संपला?"

"संपला."

"मंग आता काय करायचा?"

आपण शिरीषाच्या झाडाखाली बसलो. व्याही झाल्यापासून पहिल्यांदाच आपण हातात ताट, कप किंवा काठी नसताना बसलो होतो. तुम्ही विचारलंत, "खांदा खरंच दुखत व्हता?" मी म्हटलं, "नाही." "मंग खोटं का बोललात?" मी म्हटलं, "तुम्ही मुलाचे बाप." तुम्ही खोकला येईपर्यंत हसलात. मग मीही धीर करून विचारलं, "पण शेठ, मागच्या ओट्याचा एवढा हट्ट कशासाठी होता?"

 तुम्ही हात लांब करून मागच्या कडेकडे दाखवलंत. "आमचा बाप हितं मजुरीनं गवत कापायचा. माळ दुसऱ्याचा. मी ल्हान व्हतो तवा बापाबरोबर खाली वाकलेला, मला समोरची पेंढी तेवढी दिसायची. माळ केवढा हाय ते मला ठावंच नव्हता. इकत घेतला तवा पयल्यांदा तिकरं मागं जाऊन हुभा ऱ्हायलो. तिकरनं सगळा दिसतो. पार खाडीपावत." मग तुम्ही म्हणालात, "मला मारायचा नव्हता तिकरनं. मला बगायचा व्हता."

 मी वर्षभर समजत होतो की तुमचा अहंकार आडवा येतोय. खेळायची जागा निवडताना माणसाने आपला जोर बघावा, हे मला शिकवलं होतं. माणूस जागा निवडताना आणखी काय काय बघत असेल, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पुढच्या शुक्रवारपासून तुम्ही खेळ सुरू करण्याआधी एकटेच मागच्या ओट्यावर जायचात, उभे राहायचात आणि मग चालत मधल्या ओट्यावर यायचात. अन्सारी आणि मी तोवर चेंडू पुसत बसायचो. तेवढा वेळ आम्ही कधी उशिरात धरला नाही.

आणि मग ती शिमग्याच्या आधीची दुपार. तुम्ही कधी आमच्या घरी एकटे आला नव्हतात. त्या दिवशी अचानक दारात, हातात सुक्या बोंबलांची पिशवी. तासभर बसलात. लुगड्यांचे भाव, वीज, म्हशींचा चारा, सगळं बोललात. निघताना चपला घालता घालता म्हणालात, "सुनंदा सोमवारपास्नं शाळेत जाते. तुमाला ठावं असावा म्हून सांगतो." आणि जिना उतरून गेलातसुद्धा. माझी बायको दाराशी उभी राहून रडली. मला तुमच्या मागे धावत जाऊन विचारायचं होतं की हे कसं झालं, कधी ठरवलंत. मधल्या ओट्याचा आणि याचा काही संबंध होता का? की तुम्ही आधीच ठरवलं होतंत आणि मी उगाच जोड लावतोय? सुनंदाला विचारलं तर ती म्हणते, एक दिवस मामंजींनी शाळा किती वाजता सुटते एवढंच विचारलं. तुमचे आभारसुद्धा मी धड मानले नाहीत. मुलाच्या बापाचे आभार मानायचे शब्द होते माझ्याकडे, मित्राचे कसे मानतात ते सुचेना.

या पावसाळ्यात छातीतला कापूस वरचढ झाला. ठाण्याच्या दवाखान्यात मी शेवटचा भेटायला आलो तेव्हा तुमचा आवाज बसला होता, तरी डोळ्यांत तोच चौकसपणा. मी बसल्याबरोबर तुम्ही विचारलंत, "व्याहीबुवा, एक सांगा. आपन तिघंच खेळतो. तुमच्या क्लबात लय मानसं. मागनं जोरात खेळनारी आली आन आपन हळू असलो तर काय करतात?"

मी म्हटलं, "बाजूला होतात आणि हात वर करून त्यांना पुढे जायला सांगतात."

"त्यात कमीपना न्हाय?"

"नाही. उलट जो वाट देतो त्याला सगळे चांगला खेळाडू म्हणतात."

"मंग आपन परत खेळायचा?"

"हो. ते पुढे गेले की आपण आपल्या चालीने."

तुम्ही डोळे मिटून विचार केलात. "चांगली रीत हाय," म्हणालात. मग वसंतराव आणि सुनंदा आत आली. ती शाळेतून थेट आली होती, बोटांना खडू तसाच. कारखान्याचं काहीतरी विचारायला वसंतराव तुमच्यावर वाकले, तर तुम्ही फक्त म्हणालात, "तूच बग आता." थोड्या वेळाने तुम्ही उशीवरून हात उचललात. थोडाच, मनगटापासून. सुनंदाला वाटलं पाणी हवंय. तिने फुलपात्र ओठांना लावलं, तुम्ही दोन घोट घेतलेत आणि तिच्याकडे बघून हसलात.

जिना उतरताना मी मधेच थांबलो. परत वर जाऊन तुम्हाला विचारावं असं फार वाटलं, पण तुमचा डोळा लागला असेल म्हणून गेलो नाही. म्हणून आता विचारतो, हिराजीशेठ. तुम्हाला खरंच तहान लागली होती, की पोरांना वाट देत होतात?